बटणांचा डाव

मला आधी त्या फोनचा राग आला. बाकीचे राग नंतरचे, किंवा खरं म्हणजे आधीचेच, पण त्या दिवशी सुरुवात फोननं केली.

लातूरहून सकाळच्या बसनं नांदेडला भावाकडे आले होते. जेवणं झाली होती, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास खोलीभर होता, आणि भाची ओवी सोफ्यावर आडवी पडून फोनवर शब्दांचा खेळ खेळत होती. समोर काही अक्षरं येतात, त्यांतून शब्द जुळवायचा, अवघड अक्षराला जास्त गुण. तिच्यापुढे ढ होता, ळ होता, ज होता. "यातून काहीच होत नाही, आतू," म्हणून ती अक्षरं बदलायला निघाली होती.

मी म्हणाले, "ढाळज लिही."

तिनं लिहिलं. फोन थरथरला, अक्षरं लाल झाली आणि खाली ओळ उमटली : हा शब्द अस्तित्वात नाही.

मान्य नाही म्हणाला असता तर मी सोडून दिलं असतं. पण अस्तित्वात नाही म्हणाला. कुठल्यातरी थंडगार खोलीत बसून कुणीतरी ठरवलं की काय आहे आणि काय नाही, आणि ते आमच्या घरात येऊन मला सांगायचं. ओवी हसून म्हणाली, "नसतोच तो शब्द, आतू." तिच्यावर मी रागावले नाही. तिच्या बापानं हेच वाक्य याच जागी, जुन्या घरात, म्हटलेलं मी ऐकलं होतं, तेव्हा तो तिच्याहून थोडाच मोठा होता.

मी विचारलं, "गयाआत्याचा बटणांचा डबा कुठं आहे गं?"

*

गयाआत्या म्हणजे दादांची, आमच्या वडिलांची, थोरली बहीण. जळकोटकडच्या एका गावाची. ती सासरहून परत का आली हे घरात कधी कुणी बोललं नाही, आणि तिनंही नाही. आम्हाला कळायला लागलं तेव्हा ती आमच्याच घरची होती, आणि जुन्या घराच्या रस्त्यावरच्या पुढच्या खोलीत खिडकीशी तिची मशीन होती. बायका झंपर शिवायला यायच्या. नव्या कापडाच्या खळीचा वास, मशीनच्या तेलाचा वास, आणि कोळशाची इस्त्री ओल्या कापडावर फिरली की उठणारा गरम वास. बाजारातून वारा आला तर त्यात हळद मिसळायची. हे वास मला आजही एकेकटे ओळखू येतात, आणि आता त्या जागी कूलरचा आणि फरशी पुसायच्या औषधाचा वास असतो.

एका उन्हाळ्यात मी आणि माझा धाकटा भाऊ नंदू शेजारच्या साहेबांच्या घरी इंग्रजी अक्षरांचा खेळ बघून आलो. गुळगुळीत चौकोनी सोंगट्या, कोपऱ्यात बारीक आकडे. आम्हाला हात लावू दिला नव्हता. घरी येऊन आम्ही आत्यापाशी भुणभुण लावली. ती तोंडातली टाचणी काढत म्हणाली, "त्यात काय एवढं. आपुन आपला करू की."

तिच्याकडे एका बिस्किटांच्या डब्यात वर्षानुवर्षांची सुटी बटणं होती. कोटाची, फ्रॉकची, शिंपल्याची, कापडानं मढवलेली. तिनं ती पाटावर पालथी घातली आणि नेलपॉलिशच्या बारक्या ब्रशानं एकेका बटणावर एकेक अक्षर काढलं. काना, मात्रा, वेलांट्या फुकट, ज्याला जिथं हव्या तिथं त्यानं तोंडानं लावायच्या. गुण कसे ठरवायचे हे विचारायला ती कुणाकडे गेली नाही. जे अक्षर दिवसभरात कमी कानावर पडतं ते महाग. त्यात ढ सगळ्यात महाग, दहा गुणांचा. शाळेत मास्तर तिला ढ म्हणायचे म्हणून, असं ती सांगायची, आणि हे सांगताना तिला भारी मजा यायची. ढ साठी तिनं डब्यातलं सगळ्यात मोठं बटण निवडलं होतं. तपकिरी, कोटाचं, एका कडेला टवका उडालेलं.

झंपरांच्या चिंध्यांची एक थैली शिवली. थैलीत हात घालायचा, न बघता सात बटणं काढायची. चारच दिवसांत आमच्या बोटांना अक्षरं पाठ झाली. टवका लागला की ढ. पातळ, गार शिंपल्याचं ते ळ. मढवलेलं, पाठीला कडी असलेलं ते ज. आम्ही चाचपून हवं ते काढायचो, आणि हे आत्याला कळत नव्हतं असं नाही.

"चाचपा की," ती म्हणायची. "अक्षर हाताला बी वळखू येऊ द्या."

पण खेळाचा खरा नियम वेगळा होता, आणि असा नियम मी नंतर कुठंच पाहिला नाही. शब्द मांडला की बाकीच्यांनी विचारायचं, "कुणाच्या तोंडचा?" मांडणाऱ्यानं माणूस सांगायचा. कुणी म्हटला, कुठं, कशावरून म्हटला. पुस्तकातला शब्द असेल तर निम्मे गुण. जित्या माणसाच्या तोंडचा असेल तर पुरे. आणि ते माणूस गेलेलं असेल तर दुप्पट.

नंदूनं एकदा विचारलं, दुप्पट का. आत्या सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "जितं माणूस आपला शब्द आपुन बोलून राहिलंय. गेलेल्याचा कोन बोलनार? तू बोललास तरच ऱ्हायचा तो."

*

त्यानंतरचे उन्हाळे मला आठवतात ते कानांनी. आम्ही शब्द हुडकत गावभर हिंडायचो. ढोरं, ढेप, ढवळा हे रोजचे, ते पहिल्या आठवड्यातच संपले. मग मी पिठाच्या गिरणीत उगाच उभी राहायला लागले. नंदू केळीवाल्याच्या गाड्यामागं चालत जायचा. अर्धापूरची केळी पिकत घातलेल्या अंधाऱ्या खोलीच्या दारात तो तासन्‌तास बसायचा आणि परत येताना त्याच्या अंगाला पिकल्या केळांचा गोड वास असायचा. आत्या तर बसल्या जागी शिकार करायची. बाईच्या पाठीचं माप घेता घेता तिच्या माहेरची चौकशी करायची, आणि बाई बोलायला लागली की आत्याचे डोळे आमच्याकडे वळायचे. देगलूरच्या गिऱ्हाइकाकडून तेलुगू, उदगीरच्या बाईकडून कानडी. आत्याला सगळं चालायचं. माणसाच्या तोंडचं आहे ना, बास.

साक्षीदार जवळपास असेल तर त्याला बोलावून खात्री करायची. मी एकदा 'हल्लू' मांडला, हळू या अर्थाचा. नंदू भांडायला उठला. मी भिंतीवरून शेजारच्या खालांना हाक मारली, "खाला, तुम्ही हल्लू म्हणता ना?" त्या धुण्याच्या दगडावरून म्हणाल्या, "हौ मा, हल्लूच बोलती मैं. क्या हुआ?" मला पुरे गुण मिळाले. गुण आत्या मार्किंगच्या खडूनं शहाबादी फरशीवर लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी आईनं फरशी पुसली की कोण जिंकलं, कोण हरलं, सगळं बादलीत जायचं.

आत्या स्वतः मशीनवर बसूनच खेळायची. तिची सात बटणं मशीनच्या फळीवर, चाकाच्या बाजूला ओळीनं लावलेली. पाय पायट्यावर. मशीन चालता चालता मध्येच थांबली की आम्हाला कळायचं, तिला शब्द सापडला. आणि ढ हाताला लागला की ती बहुतेक वेळा एकच शब्द मांडायची.

"ढाळज."

"कुणाच्या तोंडचा?" आम्ही माहीत असून विचारायचो.

"माझ्या बापाच्या. 'ढाळजंत पोरीचं काय काम?'"

ढाळज म्हणजे गावाकडच्या घरात दारातून शिरल्या शिरल्या असते ती ओसरी. बाप्या माणसांची बसाउठायची जागा. आत्याला लहानपणी तिथं बसायची बंदी होती. गप्पा तिथं, पानसुपारी तिथं, गावोगावच्या बातम्या तिथं, आणि ही आत चुलीपाशी. तो शब्द तिला तिच्या बापानं हाकलताना दिला होता. आणि इथं नांदेडात, आपल्या कमाईच्या मशीनवर बसून, ती तोच शब्द मांडून घरातले सगळ्यात जास्त गुण घ्यायची. बाप गेलेला, म्हणून दुप्पट. मांडून झाला की दोन्ही हात मांडीवर ठेवून आमच्याकडे बघायची. तिचं ते बसणं मी विसरू शकत नाही. ढाळजेत बसल्यासारखीच बसायची ती.

*

मग दादांनी नंदूला लातूरला शिकवणीला धाडला.

पुढं लग्न होऊन मीही लातूरलाच आले, इतकी वर्षं तिथं राहते, तिथलं पाणी पिते, येळवसला, म्हणजे वेळा अमावास्येला, औशाकडच्या शेतात जाऊन भज्जी-आंबील जेवते. गावावर माझा राग नाही. पण चौकाचौकातल्या शिकवण्यांच्या त्या फलकांवर माझा राग आहे. पोरांचे फोटो आणि खाली आकडे. नाव बारीक, आकडा मोठा. गुण हाच शब्द आमच्या घरात फरशीवर खडूनं लिहून सकाळी पुसून टाकायचा असायचा, आणि इथं तो पोराच्या छातीवर लिहून गावभर टांगतात. भाजी आणायला जाताना मी त्या फलकांकडे बघायचं टाळते. बघितलं की दिवस खराब जातो.

नंदू गेला तेव्हा त्याच्या खिशात कापडी बटण होतं, ज चं. आत्यानं स्वतः दिलं होतं. दिवाळीला परत आला तेव्हा वाळला होता, पहाटे आपोआप जागा व्हायचा, आणि 'न्हाई' म्हणायचं सोडून 'नाहीये' म्हणायला लागला होता. खोलीवरच्या पोरांनी हसून हसून त्याची भाषा धुऊन काढली होती. बटण त्यानं परत आणलं होतं. सोबत एक शब्दकोश आणला होता.

फराळ झाल्यावर आत्यानंच डबा काढला. किती महिन्यांनी चौघं जमलो होतो, मी, नंदू, ती आणि पाटावर बसून बघणारी आई. चकल्यांचा वास, बाहेर फटाक्यांच्या दारूचा. आत्याला पहिल्याच हातात ढ आला. तिनं मांडला आपला शब्द, हात मांडीवर ठेवले, आणि आमच्याकडे बघत राहिली.

नंदूनं 'कुणाच्या तोंडचा' विचारलंच नाही. त्यानं कोश उघडला. पानं उलटली. आमच्या घरात पहिल्यांदाच शब्द मांडल्यावर असा पानांचा आवाज झाला.

"हा शब्द नाहीये, आत्या."

"बापाच्या तोंडचा हाय."

"आजोबांचं कोण धरतं? छापलेलं उत्तर असतं तेच बरोबर धरतात. हा शब्दच अस्तित्वात नाही."

तो वाईट पोरगा नव्हता. त्याला तिकडं रोज तेच शिकवत होते, उत्तरतालिकेत असेल ते खरं, बाकी चूक, चुकीला गुण वजा. तेच त्यानं घरी आणलं. हे सगळं मला कळतं, आणि तरी मला त्याचा राग येतो. तेव्हा आला, आज लिहितानाही येतो आहे. कोशात नव्हता तर नव्हता. ती समोर बसली होती ना.

आत्या भांडेल असं मला वाटलं होतं. ती कापडवाल्याशी भांडायची, पाण्याच्या नळावर भांडायची. ती इतकंच म्हणाली, "बरं. नसंल मग." तिनं तीन बटणं उचलली, डब्यात टाकली, झाकण लावलं आणि मशीन चालू केली. शिवायला कापड नव्हतं. रिकामी मशीन ती बराच वेळ चालवत राहिली.

त्यानंतर तो डाव आमच्या घरात मांडला गेला नाही.

*

वर्षं गेली, आई गेली, दादा गेले. नंदू नांदेडलाच सरकारी कार्यालयात लागला. जुनं घर उतरवून त्यानं नवं बांधलं. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आले, मग गुडघे गेले. मी आले की तिला विचारायचे, "मांडू का गं डाव?" ती नंदूला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "बघ बरं आधी, कोश हाय का घरात?" आणि हसायची. नंदू ऐकून न ऐकल्यासारखा करायचा. तिचं सगळं त्यानंच केलं. तिला उचलून न्हाणीत न्यायचा, भात कालवून भरवायचा. हे मी नाकारत नाही. पण तुझा शब्द होता, एवढं तो तिला कधी म्हणाला नाही. दोघं एका घरात इतकी वर्षं राहिले आणि तो एवढं म्हणाला नाही.

गेल्या थंडीत ती गेली. लोक भेटायला आले, सुटली म्हणाले, सोनं झालं म्हणाले. त्यांचाही मला राग आला.

*

तर मी ओवीला बटणांचा डबा विचारला, आणि आतून तिची आई, माझी भावजय स्मिता, उत्साहानं बाहेर आली.

"तुम्ही बघितलंच नाही का, ताई? तुम्ही टेकून बसलात त्यांवरच आहेत की."

मी वळून बघितलं. सोफ्यावरच्या उशांना नवे अभ्रे होते, आणि प्रत्येक अभ्र्यावर नक्षीसारखी बटणं टाचलेली. शिंपल्याची, कापडी, काळी, तांबडी. मधोमध तपकिरी, कोटाचं, एका कडेला टवका उडालेलं. सगळी स्वच्छ. एकावरही अक्षर नाही.

"आत्यांची आठवण राहावी म्हणून केलं," स्मिता म्हणाली. "किती डाग होते त्यांवर नेलपॉलिशचे. रिमूव्हर घेऊन दोन दुपारी पुसत बसले."

तिला काय माहीत. ती या घरात आली तेव्हा डबा बंद होऊन जमाना लोटला होता, आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. चूक तिची नव्हती म्हणून मला आणखी राग आला, कारण तो कुठं टाकायचा कळेना. मी उठले. आत्याची कात्री अजून कपाटात असते. कागद कापायला आत्या ती कुणाला देत नसे. ती घेतली, उशी मांडीवर घेतली, आणि पहिल्या बटणाचा दोरा कापला. मग दुसरा. स्मिता दारात उभी राहिली. ओवी जवळ सरकली. कापता कापता मी तिला सगळं सांगितलं, ढ चे दहा, ळ चे सहा, ज चे दोन, काना-मात्रा फुकट, पुस्तकाचे निम्मे, जित्याचे पुरे, गेलेल्याचे दुप्पट.

"म्हणजे फोनपेक्षा भारी," ओवी म्हणाली.

आत्याच्या मशीनचे लोखंडी पाय रंगवून, वर काच टाकून स्मितानं त्याचा टीपॉय केला आहे. त्या काचेवर मी बटणांचा ढीग केला. खाली पायटा आणि चाक अजून हलतात.

नंदू कचेरीतून आला तेव्हा अभ्रे उघडेबोडके पडलेले, आणि मी कात्री घेऊन बसलेली. तो दारातच थांबला.

"काय करून राहिलीस गं आक्का?"

घरी तो अजून असंच बोलतो. निदान ते परत आलं आहे.

"यातला ढ काढ," मी म्हणाले.

त्यानं ढिगाकडं बघितलं. स्मिताकडं बघितलं. त्याला तेव्हाच कळलं असावं, अक्षरं पुसली आहेत हे. "सगळं कोरं हाय की. कसा काढू?"

"डोळे मीट."

त्याला वाटलं मी भांडतेय. मी भांडतच होते. पण त्यानं पिशवी खाली ठेवली, बूटही न काढता समोर बसला आणि डोळे मिटले. बोटं ढिगात फिरली. बटणांचा तो आवाज, पाऊल टाकल्यावर खडी सरकावी तसा, मी किती वर्षांनी ऐकत होते. त्याचा अंगठा टवक्यावर अडला. ते बटण त्यानं काचेवर ठेवलं. मग पातळ, गार. मग कडीचं, जे एकदा त्याच्या खिशात लातूरला जाऊन आलं होतं. त्याच्यावर बोट ठेवून तो थांबला, आणि मग तेही त्यानं ओळीत लावलं.

"काय शब्द झाला?" ओवीनं विचारलं.

"ढाळज," नंदू म्हणाला. डोळे मिटलेलेच होते.

मी विचारलं. गोड आवाजात विचारलं असं म्हणणार नाही. "कुणाच्या तोंडचा?"

त्यानं तिन्ही बटणांवरून एकदा बोट फिरवलं.

"आत्याच्या," तो म्हणाला.

"दहा, सहा, दोन. अठरा," ओवीनं बोटांवर जुळवलं. "आणि गयाआजी गेली, म्हणजे दुप्पट. छत्तीस झाले, पप्पा."

"अठरा," मी म्हणाले.

"अगं पण आतू, तूच सांगितलास ना नियम..."

"अठराच धर. दुप्पट नको, पुरे." माझा आवाज चढला. स्मिता आत जायला निघालेली थांबली.

नंदूनं डोळे उघडले. त्यानं तपकिरी बटण उचललं, अंगठ्यानं त्याचा टवका पुन्हा चाचपला आणि ते होतं तिथं, चाकाच्या बाजूला, नीट ठेवलं.

"आक्का म्हणती तर अठराच धर," तो पोरीला म्हणाला. "आत्याला दुप्पट धरायला अजून येळ हाय."